सही दोघांची, अर्थ एकाचा

सकाळी 6.15

आंतरराष्ट्रीय कायद्याची पाठ्यपुस्तकं करारांचा धडा व्हिएन्नापासून सुरू करतात. 1969 चा करारविषयक करार. त्याचं कलम 26 म्हणतं, केलेला करार प्रामाणिकपणे पाळायचा. कलम 27 म्हणतं, आमच्या देशातला कायदा आड येतो ही सबब चालणार नाही. पहिल्या बाकावरची मुलं हे उतरवून घेतात, बाकीची खिडकीबाहेर बघतात. मी नागपुरात कायदा शिकवते, आणि इथे शिकवताना व्हिएन्नाला जाण्याआधी देवगावला जावं असं माझं मत आहे. देवगाव अचलपूरकडे आहे आणि तिथला तह वर्गातल्या निम्म्या मुलांच्या जिल्ह्यांवरून झालेला आहे.

चहा होईस्तोवर एचिसनच्या करारसंग्रहातल्या पानांच्या झेरॉक्स लावून घेते. 1803, 1816, 1826. भोसल्यांचं राज्य या कागदांतून कसं झिरपत गेलं ते दिसतं. डिसेंबर आहे, गार आहे, आणि विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू आहे. म्हणजे नऊनंतर सिव्हिल लाइन्सचे अर्धे रस्ते बंद. लवकर निघायला हवं.

7.30

पहिला तास. स्वेटर, मफलर, आणि मागच्या दोन रांगांत झोप.

रघुजी भोसले दुसरे 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावला हरले. 15 डिसेंबरला गाविलगड पडला. 17 तारखेला तहावर सह्या झाल्या. समोर आर्थर वेलस्ली होता, बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. बालासोरसह कटक प्रांत गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. अकोल्याचा मुलगा म्हणतो, "मॅम, अडगाव आमच्याकडेच आहे, पण तिथे असं काही झालं हे कोणी सांगतच नाही ना बाप्पा."

मुलूख जाणं मुलांना लगेच कळतं. मला त्यांच्याकडून वाचून घ्यायची असतात ती पुढची कलमं. इंग्रजांशी ज्यांचं युद्ध चालू असेल अशा कुठल्याही युरोपीय किंवा अमेरिकन सत्तेचा माणूस, फ्रेंच तर नाहीच नाही, भोसल्यांनी नोकरीत ठेवायचा नाही. निजाम किंवा पेशव्यांशी तंटा झाला तर मध्यस्थी ईस्ट इंडिया कंपनीची. आणि दहावं कलम, जे माझ्या मते सगळ्या तहाचा गाभा आहे. युद्ध चालू असताना कंपनीने भोसल्यांच्या मांडलिकांशी परस्पर काही करार करून ठेवले होते. ते भोसल्यांनी मान्य करायचे, आणि ज्यांच्याशी करार झाले त्यांची यादी गव्हर्नर जनरलने तह मंजूर केल्यावर देण्यात येईल.

"म्हणजे सही आधी, यादी नंतर?" मागच्या रांगेतून.

हो. यादी आली तेव्हा तिच्यात संबळपूर आणि पाटणाही निघाले. रघुजींनी हरकत घेतली. तहात हे अभिप्रेतच नव्हतं असं त्यांचं म्हणणं. हे प्रदेश 1806 मध्ये परत मिळाले, तेही कलकत्त्यातलं धोरण बदललं म्हणून. तहात एक अक्षरही बदललं नव्हतं.

इथे भंडाऱ्याच्या मुलाने हात वर केला. त्याने पुढचं वाचून ठेवलेलं असतं. "व्हिएन्ना कलम 52. बळाची धमकी देऊन करून घेतलेला करार रद्दबातल. मग देवगावचा तह रद्दच ना?"

त्याला सांगितलं की कलम 52 संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतली तत्त्वं मोडून वापरलेल्या बळाबद्दल बोलतं. 1803 मध्ये युद्ध करणं हा राज्याचा हक्कच समजला जाई. त्या काळाच्या कृत्याला त्याच काळाचा कायदा लागतो. त्याला ते पटलं नाही. मलाही दर वर्षी शिकवताना ते पूर्णपणे पटतं असं नाही, पण उत्तर तेच आहे.

8.20

तास संपायला दहा मिनिटं असताना 1816 वर आले.

देवगावनंतर रघुजी बारा वर्षांहून जास्त जगले आणि तैनाती फौज घ्यायला शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. रेसिडेंट आले, गेले. एल्फिन्स्टन होता, मग जेंकिन्स. मार्च 1816 मध्ये रघुजी वारले. मुलगा परसोजी दुबळा होता, कारभार चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ अप्पासाहेबांकडे आला, आणि दरबारातल्या विरोधकांपुढे टिकायचं तर पाठीशी कोणीतरी हवं होतं. 27 मे 1816 ला अप्पासाहेबांनी सही केली. कंपनीची पायदळाची सहा पलटणं आणि घोडदळाची एक रेजिमेंट नागपूरच्या राज्यात राहणार, खर्चापोटी वर्षाला साडेसात लाख रुपये राज्याने द्यायचे, आणि परराज्यांशी बोलणी इंग्रजांना विचारल्याशिवाय करायची नाहीत. घरातल्या भांडणात स्वतःची बाजू बळकट करायला सही केली आणि राज्याचं परराष्ट्र खातं देऊन टाकलं. आजही सरकारं अडचणीत असली की करार घाईने करतात, हे वर्गात सांगते. नावं मुलं आपापली घालतात.

पुढचं वर्ष दीड मिनिटात. फेब्रुवारी 1817 मध्ये परसोजी गेला आणि अप्पासाहेब गादीवर बसले. 5 नोव्हेंबरला खडकीला पेशव्यांचं इंग्रजांशी युद्ध पेटलं. 24 नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली खिलत आणि सेनापतिपदाचा मान भर दरबारात स्वीकारला. जेंकिन्सने नको म्हणून बजावलं होतं. भोसल्यांच्या घराण्यात हा मान पिढ्यान्‌पिढ्यांचा. आपल्या गादीचा रिवाज आपण पाळला तर त्यात करारभंग कुठला? जेंकिन्सच्या वाचनात मात्र हा शत्रूशी संबंध होता. करार एकच. 26 आणि 27 नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकडीवर कुणाचं वाचन खरं ते ठरलं.

घंटा झाली. झोपलेल्या रांगाही जाग्या होत्या.

9.30

कॅन्टीन. चहा, आणि वर्तमानपत्रात अधिवेशनाची पानंच्या पानं. नागपूरकरांना करार म्हटलं की देवगाव आठवत नाही. 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार आठवतो. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील अशा नेत्यांनी केलेला. सरकारने वर्षातला काही काळ नागपुरात यायचं, एक अधिवेशन इथे घ्यायचं, नोकऱ्या आणि शिक्षणात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा द्यायचा. शेजारच्या टेबलावर दोन सहकारी त्याच्यावरच बोलत होते. एकाचं म्हणणं, अधिवेशन येतं म्हणजे करार पाळला जातो. दुसरा म्हणाला, "येते ना, आणि दोन आठवड्यांत बॅगा भरून जाते. कराराचं फक्त हेच एक कलम दिसून राहिलं त्यांना."

मी त्यात पडले नाही, पण विद्यार्थ्यांना हे उदाहरण देते. हा नेत्यांमधला करार. न्यायालयात नेऊन त्याची अंमलबजावणी मागता येत नाही. घटनेत त्याच्या आशयाचं जे आलं ते अनुच्छेद 371(2), राज्यपालांची विशेष जबाबदारी आणि विकास मंडळं. त्या मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. पाळायला लावणारं कोणी नसेल तर जे कलम पाळायला सोपं तेवढं पाळलं जातं. देशादेशांतल्या करारांचंही पुष्कळदा असंच होतं, आणि आंतरराष्ट्रीय कायद्यावर हसणाऱ्यांना मी म्हणते, आधी आपल्या 1953 कडे बघा.

10.45

दुसरा तास, घटना. हा तास मला जास्त आवडतो, कारण त्यात नागपूरचा माणूस आहे.

आपल्या घटनेत करार करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. अनुच्छेद 73 आणि सातव्या परिशिष्टातली केंद्रसूची. करार झाला म्हणून देशातला कायदा आपोआप बदलत नाही. बदल हवा असेल तर अनुच्छेद 253 खाली संसद कायदा करू शकते, विषय राज्यांच्या सूचीतला असला तरी. अनुच्छेद 51 करारांबद्दल आदर वाढवायला सांगतो, पण तो निदेशक तत्त्वांत आहे. म्हणजे सरकार दिल्लीत बसून सही करू शकतं आणि शेतकऱ्यावर, कारखानदारावर, राज्य सरकारवर तिचा परिणाम होतो. संसदेपुढे प्रत्येक करार मंजुरीला न्यायची सक्ती नाही. हे चांगलं की वाईट? अमेरिकेत सिनेटच्या दोनतृतीयांश मतांची अट आहे. आपल्याकडे ती नसल्याने काम लवकर होतं, असं एक पक्ष म्हणतो. मला स्वतःला वाटतं की निदान महत्त्वाच्या करारांवर आधी चर्चा व्हायला हवी. हे माझं मत म्हणून सांगते, परीक्षेत लिहायला लावत नाही.

पण जमीनच द्यायची असेल तर? 1960 मध्ये बेरुबाडीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने मत दिलं: भारताचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी. मग नववी दुरुस्ती झाली. 1965 च्या कच्छच्या चकमकीनंतर सीमेचा वाद तीन सदस्यांच्या लवादाकडे गेला. 19 फेब्रुवारी 1968 ला निवाडा आला. पाकिस्तानने मागितलेल्या रणातला सुमारे दहावा भाग त्याला मिळाला. देशात संताप. याचिका गेल्या, याचिकाकर्त्यांत मधु लिमयेही होते. जानेवारी 1969 मध्ये न्यायालय म्हणालं, ही भूमी देणं नव्हे, मुळात अनिश्चित असलेली सीमा ठरवून घेणं आहे. घटनादुरुस्तीची गरज नाही, लवादाला आपणच मान्यता दिली होती.

हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला. मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, इथल्या विधी महाविद्यालयात शिकवलेले, 1954 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. मुलांना हे ऐकून बरं वाटतं. गडचिरोलीची मुलगी म्हणाली, "मॅम, पण हरलो म्हणून मान्य करायचं, हे लोकांना कसं सांगायचं?" मी म्हटलं, हे वकिलाचं काम नाही, पुढाऱ्याचं आहे, आणि त्या वेळच्या सरकारने ते केलं. लवादाला जाताना निवाडा मान्य करू असं लिहून दिलं होतं. 2015 मध्ये बांगलादेशबरोबरच्या सीमावर्ती एन्क्लेव्हची अदलाबदल करायची होती, तेव्हा मात्र शंभरावी घटनादुरुस्ती केली. तिथे जमीन खरोखरच जात-येत होती. सार्वभौम देश करार करून आपला हात बांधून घेतो. कुठला हात, किती काळ आणि कुणाच्या परवानगीने, एवढंच घटना ठरवते.

12.30

अंतर्गत गुणांच्या याद्या, एक बैठक, एक फॉर्म दोनदा भरणं. सांगण्यासारखं काही नाही.

2.00

ग्रंथालय. दुपारी इथे कोणी नसतं. मला आज 1826 चा तह आणि 1854 चे कागद एकत्र वाचायचे होते, कारण पुढच्या आठवड्यात नागपूरचं राज्य खालसा झाल्याचं प्रकरण शिकवायचं आहे, आणि ते 'डलहौसी दुष्ट होता' एवढ्यावर संपतं तेव्हा माझी चिडचिड होते. डलहौसीने वकिलासारखा युक्तिवाद केला होता. तोच तपासायला हवा.

अप्पासाहेबांना 1818 मध्ये पकडलं, ते निसटले, भटकत राहिले आणि 1840 मध्ये जोधपूरला वारले. गादीवर कंपनीने बसवला बाजीबा, रघुजी दुसऱ्यांच्या मुलीचा मुलगा. परसोजीच्या विधवेने, दुर्गाबाईने, त्याला दत्तक घेतला आणि तो रघुजी तिसरा झाला. लहान होता, म्हणून कारभार जेंकिन्सच चालवत होता. डिसेंबर 1826 मध्ये तरुण राजाशी तह झाला, 1829 मध्ये त्यात सुधारणा होऊन काही अधिकार आणि मुलूख परत मिळाला. रघुजी तिसरे 11 डिसेंबर 1853 ला वारले, मुलगा नव्हता, आणि दत्तकही घेतलेला नव्हता.

डलहौसीचा 28 जानेवारी 1854 चा टिपणवजा लेख हाती येतो. त्याचं म्हणणं असं की 1817 मध्ये अप्पासाहेबांनी तह मोडला तेव्हाच जुनं राज्य संपलं. 1818 मध्ये कंपनीने जे दिलं ते नवं दान होतं, रघुजी आणि त्यांच्या वारसांना. औरस वारस नाही, तर दान देणाऱ्याकडे परत. आणि वर पुन्हा कापसाची वाक्यं: इंग्लंडला लागणारा उत्तम कापूस याच मुलखात आहे. कायद्याच्या कागदात कापूस आला की सावध व्हावं.

युक्तिवादाची चूक कुठे आहे? ज्या राजाच्या वारसाबद्दल वाद, तो राजा स्वतः दत्तक होता आणि मुलीच्या बाजूने आलेला होता. कंपनीने त्याला मान्य केलं होतं. 1818 ला चाललेलं 1854 ला का चालू नये? रेसिडेंट मॅन्सेलनेच राज्य चालू ठेवण्याच्या बाजूने लिहिलं. कौन्सिलमध्ये कर्नल लो यांनी विरोधी टिपण दिलं. इंग्रजांच्याच माणसांना करार दुसऱ्या प्रकारे वाचता येत होता. राजवाड्यातल्या वयोवृद्ध बांकाबाईंनी अर्ज-विनंत्या केल्या, यशवंतराव अहिररावांना जानोजी म्हणून दत्तक घेण्यात आलं. उपयोग झाला नाही. राज्य खालसा झालं, आणि जवाहिर, हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले. दागिने कलकत्त्याला हॅमिल्टन कंपनीने विकले. 1857 नंतर जानोजींना देऊरचे राजाबहादूर ही पदवी मिळाली. सातारा जिल्ह्यातल्या देऊरची. नागपूरची नाही.

मॅन्सेल आणि लो यांची मतं रेकॉर्डवर असूनही ती निकालात का आली नाहीत, तर निकाल देणारी आणि फायदा होणारी बाजू एकच होती. संचालक मंडळाकडे अपील करायचं तर तीही त्याच कंपनीची. करार दोघांनी केला, अर्थ एकाने लावला. मुलांच्या वहीत एकच वाक्य जावं असं वाटलं तर ते हे.

3.40

अमरावतीहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन. आता वकील आहे, जमिनीच्या प्रकरणांत जुने वऱ्हाडी कागद बघत असतो. "मॅम, वऱ्हाडचा खरा मालक 1947 पर्यंत निजामच होता ना? अशिलाला पटतच नाही."

पटायला कठीणच आहे. 1853 च्या तहाने वऱ्हाड फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1902 मध्ये कर्झनने निजामाकडून तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला, वर्षाला 25 लाख रुपये. 1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला, म्हणजे कारभार नागपूरहून. आणि 1936 च्या करारात ब्रिटिशांनी लिहून दिलं की वऱ्हाडवर सार्वभौमत्व निजामाचंच. त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी, आणि वऱ्हाडात निजामाचा झेंडा फडकवण्याचा हक्क. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा. कर नागपूर घेणार, पोलीस नागपूर पाठवणार, निवडणूक नागपूरच्या कायदेमंडळाची. सार्वभौम मात्र हैदराबादला. निजामाने वऱ्हाड परत मिळवण्याची धडपड केली, सालारजंगापासून. मिळाला तो शब्द. मी त्याला म्हटलं, अशिलाला असं सांग: सातबारा एकाच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची. तो हसला. "हे लगेच समजते आमच्याकडे."

4.30

मोर्चे. टेकडी रोड बंद, बस वळवलेली. सीताबर्डीला मेट्रोतून उतरून चालत निघाले. भगवे, निळे, लाल झेंडे, अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक, पोलिसांचे बॅरिकेड. वर किल्ल्याची टेकडी, आता लष्कराकडे. सर्वसामान्यांना वर्षातून मोजकेच दिवस आत जाता येतं. रेसिडेन्सी या टेकडीलाच लागून होती.

याच शहरात 15 डिसेंबर 1947 ला सरदार पटेलांनी छत्तीसगडच्या राजांना बोलावून घेतलं होतं. आदल्या दिवशी कटकला ओडिशाच्या राजांच्या सह्या झाल्या होत्या. इथेही झाल्या, आणि 1 जानेवारी 1948 पासून ती संस्थानं मध्य प्रांतात आली. मोबदल्यात तनखे आणि मानमरातबाची हमी, घटनेत अनुच्छेद 291 आणि 362. त्याच घटनेत अनुच्छेद 363 ही होतं: संस्थानिकांशी झालेल्या करारांचे वाद न्यायालयांनी ऐकायचे नाहीत. 1970 मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या राजांची मान्यता काढून घेतली. पालखीवाला राजांच्या बाजूने उभे राहिले, सर्वोच्च न्यायालयाने 15 डिसेंबर 1970 ला आदेश रद्द केला, आणि त्या पीठावरही हिदायतुल्ला होतेच. पुढच्या वर्षी सव्विसावी घटनादुरुस्ती झाली आणि तनखे गेले.

तनखे जाणं मला योग्यच वाटतं. प्रजेच्या पैशावर राजे पोसायचे दिवस संपलेच होते. पण 1854 बद्दल रागावताना 1971 ची आठवण ठेवावी एवढं मी वर्गात म्हणते. लोकशाहीने, संसदेत मतदान करून, उघडपणे केलं, हा फरक मोठा आहे. करारातल्या दुसऱ्या बाजूच्या दृष्टीने मात्र, हमी देणाऱ्यानेच हमी काढून घेतली, एवढंच उरतं.

5.45

मूट कोर्टची तालीम. या वर्षीच्या कल्पित खटल्याला आम्ही सिंधू जलकराराचा साचा दिला आहे. मुलं दोन महिने यावर भांडत आहेत.

करार 19 सप्टेंबर 1960 चा, कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सही केलेला, जागतिक बँकेच्या मध्यस्थीने. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे. मुदत नाही, दोघांनी मिळून नवा करार करीपर्यंत तो चालू राहील असं बारावं कलम सांगतं. 22 एप्रिल 2025 ला पहलगामचा हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी भारताने करार स्थगित ठेवत असल्याचं जाहीर केलं.

भारताच्या बाजूने बोलणारी मुलगी चंद्रपूरची. मुद्दे नीट मांडले: 1960 पासून लोकसंख्या, वीज, हवामान सगळं बदललं, भारताने 2023 आणि 2024 मध्ये करारात बदलासाठी रीतसर नोटिसा दिल्या होत्या, दहशतवाद चालू ठेवून पाण्याचा सलोखा मागता येत नाही. आधार, परिस्थितीतला मूलभूत बदल, कलम 62.

समोरच्या बाजूने भंडाऱ्याचाच मुलगा. तो म्हणाला, भारत व्हिएन्ना कराराचा सदस्यच नाही, पण ते राहू द्या. परिपाठ म्हणून ते नियम लागू धरू. कलम 62 चा दरवाजा फार अरुंद आहे. 1997 मध्ये हंगेरी आणि स्लोव्हाकियाच्या डॅन्यूबवरच्या धरणाच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर हंगेरीने हेच म्हटलं: राजवट बदलली, पर्यावरणाचं ज्ञान बदललं. न्यायालयाने ते मानलं नाही, करार जिवंत असल्याचं सांगितलं. आणि 'स्थगिती' हा शब्दच सिंधू करारात कुठे आहे?

दोघंही चांगले बोलले. मग लवादाचा मुद्दा आला. जून 2025 मध्ये लवाद न्यायालयाने सांगितलं की भारताच्या स्थगितीने आमचा अधिकार संपत नाही. भारत म्हणतो, हे न्यायालयच करारात ठरलेल्या पायऱ्या सोडून उभं केलं, म्हणून आम्ही ते मानत नाही. मुलगी यावर जोरात होती. "मॅम, दुसऱ्याने परस्पर नेमलेल्या न्यायाधीशाकडे आम्ही का जायचं? सकाळी तुम्हीच म्हटलं ना, अर्थ एकाने लावला म्हणून नागपूर गेलं."

ती बरोबर बोलली होती. आणि भंडाऱ्याचा मुलगा ताबडतोब म्हणाला, "मग आता अर्थ लावून कोण राहिलं? वरच्या अंगाला आपण आहोत. टेकडीवर आपण आहोत."

खोलीत जरा वेळ कोणी बोललं नाही. मी दोन्ही मुद्दे फळ्यावर लिहिले. माझं मत विचारलं तेव्हा सांगितलं: अतिरेक्यांचा प्रश्न खरा आहे आणि 1960 चा करार आजच्या गरजांना तोकडा पडतो, हेही खरं. पण मी भारताची वकील असते तर 'स्थगित'वर कमी आणि फेरवाटाघाटीच्या नोटिसांवर जास्त जोर दिला असता. त्या नोटिसा करार मानणाऱ्या देशाच्या आहेत, आणि न्यायाधीश कोण यावर बोलायला त्याच देशाचा अधिकार जास्त चालतो. मुलीने ते लिहून घेतलं नाही. तिच्याकडे स्वतःचं उत्तर तयार होतं आणि तालमीत ते वापरायला तिला दहा मिनिटं मिळाली.

9.00

घर. जेवताना भाच्याने मोबाइलवर तलवारीचा फोटो दाखवला. रघुजी भोसले पहिल्यांची, मुठीजवळ देवनागरीत सेनासाहेबसुभा ही भोसल्यांची पदवी कोरलेली. एप्रिल 2025 मध्ये लंडनला सोदबीच्या लिलावात निघाली, महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत घेतली, सगळा खर्च धरून सुमारे 47 लाख रुपये. ऑगस्टमध्ये मुंबईत आली.

"मावशी, आपलीच तलवार आपण विकत कशी घेतली? मागायची ना."

मागायची कशाच्या आधारावर? सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार 1970 चा. भारत 1977 मध्ये त्यात गेला, ब्रिटन 2002 मध्ये. तो मागच्या काळाला लागू होत नाही. 1817 ची लूट असो, भेट असो की 1854 नंतरचा लिलाव, त्याच्यापुढे सगळं सारखंच जुनं. ही तलवार तिकडे नेमकी कोणत्या वाटेने गेली त्याचे तर्कच आहेत. म्हणून बोली लावायची आणि पैसे भरायचे.

"म्हणजे करारात आपण सही केली ती पण अशी की जुनं मागता येत नाही?"

सगळ्याच देशांनी तशीच केली, त्याशिवाय ज्यांची संग्रहालयं भरलेली आहेत ते देश आलेच नसते. भाचा म्हणाला, हे देवगावसारखंच झालं. तो सकाळी माझ्या वर्गात नव्हता. त्याला देवगाव कोणी सांगितलं ते विचारायचं राहून गेलं, कारण तोवर ताकातली कढी आली होती.

10.30

विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेसाठी प्रश्न पाठवायचे आहेत, मुदत उद्या. 'करारांचे पालन' यावर दर वर्षीचा प्रश्न असतो: कलम 26 स्पष्ट करा. या वेळी तो काढून टाकला. त्याऐवजी देवगावच्या तहाचं दहावं कलम जसंच्या तसं दिलं, खाली लिहिलं: तुम्ही 1804 मध्ये नागपूर दरबाराचे वकील आहात. यादी आताच हाती आली आहे आणि तिच्यात संबळपूर आहे. गव्हर्नर जनरलला पाठवायच्या पत्राचा मसुदा करा.

गुण 15. मग आठवलं की परीक्षकांना उत्तरसूची द्यावी लागते, आणि बसले लिहायला.